जागता पहारा

ज्याला पाठ टेकतांच झोंप लागते त्यानें झोंपेवर लिहूं नये, असें आमचें मत आहे. पोटभर जेवलेल्यानें दुष्काळावर निबंध लिहावा, तशांतला तो प्रकार होईल. आम्हांस हा अधिकार उतारवयांत प्राप्त झाला. २०२२ च्या आषाढांत आमची सहधर्मचारिणी निवर्तली, आणि पुढें सुमारें दीड वर्ष आम्हीं रात्रीचा प्रत्येक प्रहर डोळे उघडे ठेवून पाहिला. पहिल्या प्रहरीं माणूस आशावादी असतो. आतां लागेल, मग लागेल, असें म्हणत कूस बदलतो. दुसऱ्या प्रहरीं तो हिशेब करूं लागतो : आतां लागली तर चार तास, आतां लागली तर तीन तास. तिसऱ्या प्रहरीं हिशेबहि संपतात, आणि मनांत जें कांहीं येतें त्याविषयीं दिवसां कोणापाशीं बोलण्याची सोय नसते. आमच्या मनांत त्या वेळीं काय येई तें येथें विस्तारानें सांगत नाहीं. सकाळीं चहाचा पेला हातीं आला कीं तें सारें परक्याचें वाटे, आणि रात्रीं पुन्हां आपलें वाटे, एवढेंच सांगतों.

आमची कन्या अमेरिकेंत, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागांत असते. तिनें फोनवरच्या आवाजावरून आमची अवस्था ओळखली आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत आम्हांस तिकडे नेलें. त्या प्रांतांत हाताच्या बोटांसारखीं लांबट सरोवरें दक्षिणोत्तर पसरलेलीं आहेत. त्यांपैकीं कॅनन्डेग्वा नांवाच्या सरोवरापासून तिचें घर मोटारीनें फार दूर नाहीं. प्रदेश रम्य आहे. परंतु रम्य प्रदेशाचा निद्रेशीं कांहीं संबंध नसतो. उलट दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस झाल्यामुळें होती ती दोन तासांची डुलकीहि गेली. मध्यरात्रीं आम्ही माडीवरच्या खिडकीशीं शाल गुंडाळून बसत असूं. समोर हिरवळीपलीकडच्या घरांत एक दिवा असे. सारी आळी काळोखांत, आणि हे दोन दिवे तेवढे समोरासमोर.

दोनच्या सुमारास त्या घराचें दार उघडे. एक धिप्पाड गृहस्थ कुत्र्याला घेऊन बाहेर येई, पुढचें दार ओढून पाही, बाजूनें जाऊन मागच्या दाराची कडी हलवून पाही, मोटारीच्या कोठाराशीं क्षणभर थांबून रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकी, आणि आंत जाई. साडेतीनला पुन्हां तोच क्रम, तींच पावलें. त्या चालण्यांत भीति नव्हती, घाई नव्हती, काम होतें. आम्हांस तें चालणें कोठें तरी पाहिल्यासारखें वाटलें. कोठें तें आठवावयास दोन रात्री लागल्या.

आमचे थोरले मामा पलटणींत हवालदार होते. १९६२ सालीं ते नेफांत होते, १९६५ सालीं पंजाबच्या आघाडीवर. पेन्शन घेऊन ते कोरेगांव तालुक्यांतल्या आपल्या गांवीं परतले तेव्हां अंगावर एक ओरखडाहि नव्हता, ही गांवांत कौतुकाची गोष्ट होती. सुटींत आम्ही मुलें आजोळीं जात असूं. रात्रीं केव्हां तरी जाग आली कीं मामांचा कंदील हलतांना दिसे : दिंडी-दरवाजापासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून परड्याच्या गडग्यापर्यंत, तेथून मळ्याच्या वाटेनें खालीं, आणि परत. मामा चोरांवर पहारा करतात, असें आम्हांस वाटे. आणि त्या कंदिलाच्या भरंवशावर आम्ही कूस बदलून गाढ झोंपत असूं.

मामींनीं उपाय कांहीं कमी केले नाहींत. जायफळ दुधांत उगाळून दिलें, खसखशीची खीर झाली, काशाच्या वाटीनें तळपाय घांसले, टाळूवर तेल थापलें, शेवटीं देवऋषी आणून गंडाहि बांधला. मामांचा स्वतःचा उपाय मिलिटरी कँटीनची रम हा होता. ती पहिले दोन तास देई आणि पुढचे चार घेऊन जाई. दारूचा हा व्यवहारच आहे, हें आम्हांस फार मागाहून कळलें. १९७४ च्या मार्गशीर्षांतल्या एका पहांटे मामा घरीं परतले नाहींत. कंदील विहिरीच्या थारोळ्याशीं मिळाला. पंचनाम्यांत पाय घसरल्याचें लिहिलें गेलें, आणि भावकीनें तें मान्य केलें. आमची आई लिहिणारी-वाचणारी नव्हती. तिनें त्या पंचनाम्याविषयीं बरें-वाईट कांहींच म्हटलें नाहीं. जन्मभर ती एकच वाक्य बोलत असे : "माज्या दादाला कुनी नीज दिली न्हाई." आम्ही शिकलेले लोक त्या वाक्याकडे भगिनीचा भाबडा शोक म्हणून पाहत आलों. त्यांत रोगाचें निदान होतें, असें आतां वाटतें.

समोरच्या गृहस्थाची ओळख त्यानेंच करून घेतली. नोव्हेंबरांतल्या एका सकाळीं आम्ही कानटोपी घालून फिरावयास निघालों असतां तो कुंपणाशीं आला आणि म्हणाला, "सर, तुमचा दिवा रात्रभर जळत असतो. सर्व ठीक आहे ना ?" आम्ही त्याच्यावर नजर ठेवून होतों, आणि तो आमच्यावर ! हा मनुष्य पन्नाशीचा. इराकांत दोन वेळां जाऊन आलेला, सामानाच्या मालमोटारी हांकण्याचें काम केलेला. रस्त्यांत पुरलेले सुरुंग हुडकीत ज्याला रात्रीमागून रात्री गाडी चालवावी लागली, त्याचे डोळे मिटण्याचें विसरले तर नवल काय ? त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तो आम्हांस शेवटपर्यंत 'सर' म्हणत राहिला. शिक्षकी पेशांत जन्म गेलेला असल्यामुळें आम्हांसहि तें खटकलें नाहीं.

त्याच्या स्वयंपाकघरांत बसून ऐकलेली एक गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. सैनिकांच्या इस्पितळांत त्याला प्रत्येक वेळीं एक छापील प्रश्न विचारीत : मरणाचे विचार येतात काय ? तो प्रत्येक वेळीं 'नाहीं' म्हणे. "सर, त्या प्रश्नाला 'होय' म्हटलें कीं माणूस दुसऱ्या रांगेंत जातो. मला त्या रांगेंत उभें राहायचें नव्हतें." मग एके दिवशीं तेथल्या एका बाईंनीं कागद बाजूला ठेवून विचारलें, "झोंप कशी लागते ?" या प्रश्नाला खोटें उत्तर देण्याची तयारीच त्यानें केली नव्हती. तो पाऊण तास बोलत होता, आणि त्या पाऊण तासांत छापील प्रश्नाचें खरें उत्तरहि येऊन गेलें.

सारें मर्म येथेंच असावें असें आम्हांस वाटतें. मनाचें दुखणें सांगणें ही शिपायाला शरणागति वाटते. झोंप येत नाहीं हें सांगण्यांत शरणागति नाहीं. पाठ दुखते, गुडघा धरतो, त्यांतलीच ती गोष्ट. आमचे मामा आपल्या मनाविषयीं मामींपाशींहि कधीं बोलले नाहींत, परंतु 'डोळा लागत न्हाई' ही तक्रार ते एस. टी. च्या कंडक्टरपाशीं देखील करीत. म्हणजे दार उघडें होतें. त्या दारानें आंत कोणी गेलें नाहीं.

महाभारतकारानें ही गोष्ट जाणली होती. अठरा दिवसांचें युद्ध संपल्यावर वडाखालीं तीन वीर पडून आहेत. कृप आणि कृतवर्मा यांना झोंप लागली आहे. अश्वत्थामा जागा आहे. त्या जागरणांत त्याला घुबडानें झोंपलेले कावळे मारतांना दिसतात, आणि सौप्तिकपर्वाचा सारा अनर्थ त्यांतून उपजतो. आम्ही हें पर्व शाळेंत कित्येक वर्षें शिकविलें आणि त्यांतली सूडाची गोष्ट मुलांना रंगवून सांगितली. कृपाचार्य भाच्याला काय सांगतात इकडे मात्र आमचें लक्ष गेलें नव्हतें. मामाच तो ! तो म्हणतो, किती दिवसांचा जागा आहेस, आज रात्रीं नीज, सकाळीं पाहूं. नीति-अनीतीचा वाद तो घालतो, पण त्याआधीं झोंपेचा सल्ला देतो. अश्वत्थामा उत्तर देतो कीं माझ्यासारख्याला झोंप कोठून येणार ? येथें कृपाचार्यांची विद्या संपली. आयुर्वेदानें आहार व ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीनें निद्रेला शरीराचा आधारस्तंभ म्हटलें खरें, परंतु तो स्तंभ युद्धानें ढांसळला तर उभा कसा करावा हें कृपाचार्यांना ठाऊक नव्हतें. तें थोडेंफार कळूं लागलें आहे तें गेल्या पन्नास वर्षांत, आणि त्यांतला पुष्कळ भाग ज्या देशानें गेल्या शतकांत सर्वांत अधिक युद्धें दूर देशीं जाऊन केलीं त्याच देशांत.

त्या देशाचा हिशेब त्याच्याच माजी सैनिकांच्या खात्यानें प्रसिद्ध केलेला आहे. २०२२ या एका वर्षांत ६,४०७ माजी सैनिकांनीं आपलें जीवित संपविलें. दिवसाकाठीं सरासरी सतरा-अठरा. कॅनन्डेग्वा गांवीं याच खात्याचें १९३३ पासूनचें लाल विटांचें विस्तीर्ण इस्पितळ आहे. संकटांत सांपडलेल्या सैनिकानें कोणत्याहि प्रहरीं फोन करावा आणि पलीकडे माणूस असावा, ही सेवा २००७ सालीं तेथूनच सुरू झाली. आत्मघात कसा टाळावा याचें संशोधन करणारें केंद्रहि त्याच आवारांत आहे. कन्येनें आम्हांस एकदां तिकडून नेलें. सरोवराचें पाणी काळेंभोर होतें आणि इस्पितळाच्या पुष्कळ खिडक्यांतून दिवे होते. आंत कोणी तरी फोनवर जागें असेल, या विचारानें आम्हांस मामांचा कंदील आठवला.

त्या केंद्रांतल्या संशोधकांनीं २०१२ सालीं एक गोष्ट दाखवून दिली. आत्मघात केलेल्या सैनिकांचीं दवाखान्यांतलीं जुनीं टिपणें त्यांनीं चाळलीं. ज्यांच्या टिपणांत झोंपेच्या तक्रारीची नोंद होती ते आपल्या अखेरच्या भेटीनंतर सरासरी ७५ दिवसांत गेले. ज्यांच्या टिपणांत तशी नोंद नव्हती ते १७४ दिवसांनीं. म्हणजे निद्रानाश ही नुसती दुःखाची सावली नसून कांहीं अंशीं घड्याळहि आहे. दुसऱ्या कांहीं अभ्यासकांनीं २०१६ सालीं आत्मघातांची वेळ तपासली. दिवसां जागे असणारे लोक कोट्यवधि, मध्यरात्रीनंतर जागे असणारे थोडे. हें प्रमाण लक्षांत घेतलें तर मध्यरात्र ते पहांट हा काळ सर्वांत घातक ठरतो, असें त्यांना आढळलें. त्या वेळीं विवेक निजलेला असतो आणि माणूस जागा असतो. 'रात्र वैऱ्याची आहे' असें आपल्याकडे पहारेकरी म्हणत आले. वैरी बाहेरून येतो एवढीच त्यांची समजूत चुकली.

आतां उपचार. प्रथम ऐकला तेव्हां आम्हांस तो उलट्या डोक्याचा वाटला. ज्याला झोंप येत नाहीं त्याला बिछान्यांत कमी वेळ पडूं द्यावयाचें ! पण त्यामागचा विचार सरळ आहे. आर्थर स्पीलमन या पंडितानें दीर्घ निद्रानाशाचीं तीन अंगें सांगितलीं : प्रवृत्ति, निमित्त आणि सवय. कोणाची झोंप जात्याच हलकी असते. त्यावर युद्ध, मृत्यु, दुखणें असें निमित्त घडतें. आणि मग माणूस झोंपेचा पाठलाग करूं लागतो. नऊलाच अंथरुणांत शिरतो, सकाळीं आठपर्यंत लोळतो, दुपारीं डुलकी घेतो, रात्रीं दारू घेतो, घड्याळ पाहतो. काडी केव्हांच विझलेली असते. जळत असतें तें हें सरपण. युद्ध परत जाऊन थांबवितां येत नाहीं, सरपण मात्र काढून घेतां येतें.

तेव्हां पंधरा दिवस टिपण ठेवावयाचें : केव्हां पडलों, अजमासें केव्हां लागली, कितीदां जाग आली, केव्हां उठलों. त्यावरून खरी झोंप सरासरी किती तें काढावयाचें, आणि तेवढाच वेळ बिछान्यांत घालवावयाचा. पांच तासांच्या खालीं मात्र जावयाचें नाहीं. उठण्याची वेळ पक्की. रात्र कशीहि गेली तरी तीच. बिछान्यांत पडलेल्या वेळांपैकीं नव्वद टक्क्यांच्या आसपास झोंपेंत जाऊं लागला कीं पंधरा मिनिटें, अर्धा तास, असा वेळ वाढवीत न्यावयाचा. ही युक्ति स्पीलमननें १९८७ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या जोडीला रिचर्ड बूटझिनचा १९७२ चा नियम आहे : बिछाना झोंपेसाठींच, पाव तास होऊनहि झोंप आली नाहीं तर उठून दुसऱ्या खोलींत बसावें, डोळे जड झाले म्हणजेच परतावें. याशिवाय मनांतल्या भलत्या समजुती खोडून काढण्याचें काम असतें. एक रात्र गेली तर उद्यां सर्वनाश होईल, ही त्यांतली मुख्य. सहा ते आठ बैठकींत हें सारें आटपतें. २०१६ सालीं अमेरिकेंतल्या वैद्यांच्या मोठ्या संस्थेनें प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधीं हाच उपचार करावा, असें जाहीर केलें.

आमच्या शेजाऱ्याचा पहिला आठवडा भयंकर गेला. त्याला एक ते सहा एवढाच वेळ मिळाला होता. बारा वाजतां तो डुलक्या खात स्वयंपाकघरांत उभा राही, कारण बसला तर झोंपेल. मालमोटार चालविण्याचें काम त्या दिवसांत त्याला बंद ठेवावें लागलें. इस्पितळानेंच तशी ताकीद दिली होती. (अपस्मार किंवा उन्मादाचा रोग ज्यांस आहे त्यांना हा प्रयोग बाधतो, म्हणून तो आपल्या मनानें करूं नये हें येथेंच सांगून ठेवतों.) पहाऱ्याचें काय करावें हा खरा प्रश्न होता. त्या बाईंनीं पहारा सोड असें म्हटलें नाहीं. झोंपण्यापूर्वीं एक फेरी करावी, कुलुपें पाहावीं, आणि टिपणाच्या वहींत 'पहारा बदलला' असें लिहून सही करावी, असें सांगितलें. त्यापुढची जबाबदारी कोणाची, असें त्यानें विचारलें. त्या म्हणाल्या, "तुमच्या कुत्र्याची." यावर तो हसला, आणि पुष्कळ महिन्यांनीं हसलों असें त्यानें आम्हांस सांगितलें.

उशाखालचें पिस्तूल ही निराळीच बाब. त्या देशांत आत्मघात करणाऱ्या सैनिकांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश बंदुकीनें मरतात, आणि तेथें घरांत हत्यार असणें म्हणजे आपल्याकडे विळा असण्यासारखें. झोंपेचा उपचार चालू करतांना त्या बाईंनीं पिस्तुलाची गोष्ट काढली. कायद्यानें नव्हे, धाकानें नव्हे. पहांटे तीन वाजतां कोणताहि मोठा निर्णय घेऊं नये, म्हणून तो निर्णय दहा पावलें दूर ठेवूं, अशा बोलण्यानें. दहा पावलांचीं पुढें वीस मैल झालीं. पेटी त्याच्या घरीं राहिली, किल्ली बहिणीकडे गेली. मरणाची लाट पुष्कळदां थोडाच वेळ टिकते. तेवढा वेळ किल्ली दूर असली कीं पुष्कळ झालें.

गोळ्यांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. त्याला पूर्वीं गोळ्या मिळाल्या होत्या; त्या घेऊन तो एकदां झोंपेंतच अंगणांत जाऊन उभा राहिला होता. अशाच प्रकारांमुळें २०१९ सालीं तेथल्या औषध-नियंत्रकांनीं कांहीं प्रचलित निद्रागुटिकांच्या माहितीपत्रकांत कडक इशारा छापावयास लावला. दुःस्वप्नांवर गुणकारी म्हणून गाजलेलें प्राझोसीन हें औषध ३०४ माजी सैनिकांवर कसोटीस लावलें, तेव्हां, २०१८ मध्यें प्रसिद्ध झाल्याप्रमाणें, तें साध्या साखरेच्या गोळीहून सरस ठरलें नाहीं. कोणा एकाला त्याचा गुण आला असेल, ती गोष्ट वेगळी.

मग हा बिछान्याचा उपचार तरी जीव वांचवितो काय ? येथें आम्हांस उत्साह आवरला पाहिजे. २०१५ सालीं सैनिकांच्या खात्यानें उपचार पूर्ण केलेल्या व चालू असलेल्या ४०५ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. आरंभीं त्यांतल्या ३२ टक्के लोकांच्या मनांत मरणाचे विचार थोडेफार होते. अखेरीस २१ टक्क्यांच्या. ज्यांची झोंप अधिक सुधारली त्यांचे ते विचारहि अधिक ओसरले. परंतु उपचार न केलेल्यांचा दुसरा गट त्या पाहणींत नव्हता, आणि मरणाचा विचार कमी होणें व मरण कमी होणें या दोन गोष्टी एक नव्हेत. एकटेपणा, कर्ज, दारू, मोडलेला संसार, दुखतें शरीर हीं झोंपेनें जात नाहींत. सरकारांना असे उपचार आवडतात, कारण ते स्वस्त असतात, आणि युद्धें कशाला केलीं हा प्रश्न त्यांत कोणी विचारीत नाहीं, ही शंकाहि आमच्या मनांत येऊन गेली. ती शेजाऱ्यापाशीं बोलून दाखविली. तो म्हणाला, "सर, तो प्रश्न मी रोज विचारतों. पण सहा तास झोंपल्यावर विचारतों."

त्याच्या नादानें आम्हींहि टिपणाची वही केली. कन्येच्या ओळखीच्या डॉक्टरांनीं तपासून परवानगी दिली. आमची सरासरी साडेचार तास आली, म्हणून साडेबारा ते साडेपांच हा वेळ ठरला. साठ वर्षें आम्ही अंथरुणांत वाचीत आलों. तें बंद झालें तेव्हां घरांतून बाहेर काढल्यासारखें वाटलें. त्याहून कठीण म्हणजे वामकुक्षी ! सातारकराला वामकुक्षी सोडावयास सांगणें म्हणजे काय तें अमेरिकन पंडितांना कळणें नाहीं. रात्रीं उठून बसण्याची वेळ आली कीं मन गुंतूं नये असें कांहीं तरी वाचावें, म्हणून कन्येच्या घराच्या कर्जाचीं कागदपत्रें काढलीं. त्यांचा गुण कोणत्याहि जायफळाहून अधिक आला. पांच आठवड्यांनीं आम्ही सहा तासांवर आलों. दुःख गेलें असें कोणी समजूं नये. पूर्वीं तें रात्रीं एकटें गांठून बसे; आतां तें दिवसां, चार माणसांत भेटतें, आणि तिच्याविषयीं बोलतां येतें.

फेब्रुवारींत एकदां पहांटे आम्ही सवयीनें खिडकीशीं गेलों. समोर काळोख होता. प्रथम छातींत धस्स झालें. इतक्या दिवसांनीं तो दिवा विझलेला पाहून मनांत काय काय आलें तें सांगवत नाहीं. मग कळलें कीं तो झोंपला आहे. तरीहि सातला त्याची मोटार निघेपर्यंत आम्ही खिडकीपासून हललों नाहीं. त्या दिवसाच्या वहींत आमचा आकडा फार वाईट आला.

२०२४ च्या मार्चांत आम्ही साताऱ्यास परत आलों. आपल्याकडेहि २०२२ पासून टेलि-मानस ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याहि वेळीं कोणीहि बोलावें. २०२३ च्या डिसेंबरांत पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयांत सैनिकांसाठीं तिचा स्वतंत्र विभागहि सुरू झाला. आम्हांस हें परत आल्यावर समजलें. कन्येच्या घरीं बसून आम्ही परक्यांच्या सेवेचें कौतुक करीत होतों त्याच दिवसांत हें घडलें होतें.

चैत्रांत मामांच्या गांवची जत्रा असते. बऱ्याच वर्षांनीं गेलों. मामांचा नातू सतरा वर्षें नोकरी करून आदल्या वर्षीं पलटणीतून नाईक होऊन परतला आहे. काश्मिरांत त्याची तीनदां बदली झाली होती. अंगावर एक ओरखडाहि नाहीं, असें त्याची आई पंगतींत कौतुकानें सांगत होती. विहीर बुजविलेली आहे. तेथें आतां हळदीचा वाफा आहे. जेवणें झाल्यावर आम्ही त्याला बाजूला घेऊन विचारलें, "बाळ, झोंप कशी लागते रे ?"

"लागते की, काका. न लागायला काय झालं ?" असें म्हणून तो पाहुण्यांना पान द्यावयास उठून गेला. आम्हीं तो विषय वाढविला नाहीं.

संध्याकाळीं तो आम्हांस फाट्यावर पोंचवावयास आला. पिशवी त्याच्या हातांत होती. लांबून साताऱ्याच्या गाडीचे दिवे दिसूं लागले तेव्हां तो रस्त्याकडे पाहत म्हणाला, "काका, तीन वाजता उठतो मी. रोज. बाहेर जाऊन गोठा बघून येतो. कुणाला ठाऊक न्हाई."

गाडी थांबली. कंडक्टरनें दार उघडून आम्हांस हांक मारली. आम्हीं हात हलवून गाडी जाऊं दिली, आणि फाट्यावरच्या कट्ट्यावर त्याच्यासाठीं जागा करून बसलों.